नकाशा कोणाच्या बाजूने असतो?

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'मधली लढाई नकाशावर खेळावी की नुसती बोलून, हा वाद जुनाच. १९७४ साली आलेला हा खेळ मुळात छोट्या सैनिकांच्या युद्धखेळांतूनच जन्मला. तरी 'नकाशा आला की कल्पनाशक्ती मेली' असं ठासून सांगणारे भेटतातच.

मला ते पटत नाही. दिवाळीतला किल्ला आठवा. मावळा बुरुजाएवढा उंच असतो, म्हणून आपली कल्पना कधी अडली का?

खरा प्रश्न न्यायाचा आहे. पामपासून जवळच असलेल्या तारापूर किल्ल्यावरचा १७३९ चा मराठ्यांचा हल्ला खेळायचा ठरवा. शिडीवर कोण, तोफेच्या माऱ्यात कोण? नकाशा नसेल तर हे गेम मास्टर ठरवतो, आणि मोठ्याने बोलणारा खेळाडू त्याच्याकडून हवं ते वदवून घेतो. जादूचा 'फायरबॉल' वीस फूट त्रिज्येत फुटतो. त्यात दोन शत्रू सापडले की चार, हा मग वशिल्याचा मामला होतो. पाच फुटांचा चौकोन मात्र बुजऱ्या खेळाडूलाही तेवढाच मिळतो.

याची किंमतही आहे. चौकोन दिसले की 'मी काय करू?' ऐवजी 'किती घरं सरकू?' सुरू होतं. तटावरचं तेलाचं पिंप कुणी लवंडत नाही, कारण ते नकाशात काढलेलंच नसतं.

म्हणून किरकोळ हाणामारी बोलूनच उरका. पण एका पावलावर पात्राचा जीव अवलंबून असेल, तिथे नकाशा पसराच. महागड्या मूर्ती नकोत. गणिताची चौकटीची वही आणि कॅरमच्या सोंगट्या पुरतात.