झेलणाऱ्यांचा मास्तर

दिवाळीच्या फराळाबरोबर एखाद्या यशस्वी माणसाचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे, असा आपल्या अंकांचा जुना प्रघात आहे. मी कादंबऱ्या लिहितो आणि पोटासाठी शाळेत शिकवतो. त्यामुळे चरित्र हाती आले की माझ्यातला कादंबरीकार विचारतो, गोष्ट नीट बांधली आहे का? आणि मास्तर विचारतो, या माणसाने कुणाला काय शिकवले? यंदा ज्या चरित्राने मला छळले, ते वर्तमानपत्रांनी तुकड्यातुकड्यांनी सांगितलेले आहे. माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत दक्षिण कॅरोलायनात असतो. त्याच्या नादाने मी ते वाचले.

अमेरिकन फुटबॉलचा चेंडू अंड्यासारखा लांबट असतो. एक गडी, क्वार्टरबॅक, तो फेकतो आणि कडेला उभे असलेले वाइड रिसीव्हर ठरलेल्या वाटेने धावून झेलतात. एका फेकीसाठी चार-पाच जण धावतात. चेंडू मिळतो एकालाच. या झेलणाऱ्यांना पावले टाकणे, वळणे, हात धरणे शिकवणारा स्वतंत्र मास्तर असतो. मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखालचा तो सहायक. आपल्याकडचा वर्गशिक्षकच म्हणा ना!

जेफ स्कॉट हा असा मास्तर. वडील ब्रॅड स्कॉट हेही प्रशिक्षकच. जेफ क्लेम्सन विद्यापीठाकडून स्वतः याच जागी खेळला. पुढे ब्लाइथवुड हायस्कूलच्या संघाला त्याने २००६ साली राज्याचे अजिंक्यपद मिळवून दिले. २००८ च्या ऑक्टोबरात क्लेम्सनचे मुख्य प्रशिक्षक मोसमाच्या मध्यावरच पायउतार झाले. झेलणाऱ्यांचे मास्तर डॅबो स्विनी यांच्याकडे मुख्यपद आले आणि स्विनींचा वर्ग स्कॉटकडे. अकरा वर्षांहून अधिक काळ त्याने तो सांभाळला. त्याच्या हाताखालचे हॉपकिन्स २०१३ साली, वॉटकिन्स २०१४ साली आणि माइक विल्यम्स २०१७ साली, तिघेही व्यावसायिक संघांच्या निवडीत पहिल्याच फेरीत उचलले गेले.

९ जानेवारी २०१७ ची रात्र. गाव टॅम्पा. राष्ट्रीय अजिंक्यपदाचा सामना अलाबामाशी. शेवटचे काही क्षण उरले असता क्लेम्सनच्या हंटर रेन्फ्रोने दोन यार्डांवरून चेंडू झेलला. घड्याळात एक सेकंद शिल्लक होता. क्लेम्सन ३५–३१ ने जिंकले. हा रेन्फ्रो शिष्यवृत्तीविना संघात आलेला पोरगा. छायाचित्रे त्याचीच छापली गेली. पण त्याला वाट मोकळी झाली ती आर्टाव्हिस स्कॉट नावाच्या दुसऱ्या झेलणाऱ्यामुळे. तो विरोधकांच्या मधोमध घुसला आणि त्यांचा गुंता झाला. अलाबामाच्या काही चाहत्यांनी याला नियमभंग म्हटले. पंचांनी तो मानला नाही. चेंडू आपल्याकडे येणार नाही हे ठाऊक असताना जिवाच्या आकांताने धावायचे, ही माझ्या मते या विद्येतली सर्वांत अवघड गोष्ट.

२०१८ च्या मोसमात क्लेम्सनला आणखी एक अजिंक्यपद मिळाले. २०१९ च्या डिसेंबरात स्कॉटला साउथ फ्लोरिडा विद्यापीठाने मुख्य प्रशिक्षक नेमले. गंमत अशी, की या संघाचे घरचे मैदान म्हणजे टॅम्पाचे तेच मैदान, जिथे रेन्फ्रोने तो चेंडू झेलला! तीन मोसमांत चार विजय, सव्वीस पराभव. २०२२ च्या नोव्हेंबरात त्याला काढून टाकण्यात आले.

आता टीकाकार म्हणून माझे म्हणणे. क्रीडाचरित्रांना एकच कथानक ठाऊक आहे, जिन्याचे. स्विनी वर पोहोचले आणि दोन अजिंक्यपदे जिंकले, म्हणून झेलणाऱ्यांना शिकवण्यात गेलेली त्यांची वर्षे ‘तयारी’ ठरली. स्कॉट वरून घसरला, म्हणून त्याची तीच वर्षे ‘एके काळची कर्तबगारी’ ठरली. काम एकच, वर्गही एकच. अर्थ मात्र शेवटच्या पानावरून मागे वाचून लावला. कादंबरीत मी असे केले, तर संपादक हस्तलिखित साभार परत करतील. सव्वीस पराभव हे सव्वीस पराभवच. त्यांची सारवासारव मी करणार नाही. पण ते एका कामाचे मोजमाप आहे, दुसऱ्याचे नव्हे.

मी एवढा का तावातावाने बोलतो, ते सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी मुख्याध्यापकाची खुर्ची दीड वर्ष माझ्याकडे होती. मला ती जमली नाही. अनुदानाचे कागद उशिरा गेले, सहकारी दुखावले; दोष माझाच. पुन्हा पाचवीच्या वर्गावर आलो तेव्हा गावात बोलले गेले, “मास्तरांना खाली उतरवलं.” आईनेही तेच मानले, त्या दिवाळीला तिने पाहुण्यांपुढे माझ्या नोकरीचा विषय काढला नाही. त्याच वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीला अपूर्णांकांचा भागाकार एकाएकी उमगला. ती जागेवरून उठून फळ्यापाशी आली आणि माझ्या हातातला खडू तिने मागून घेतला.

हा प्रसंग माझ्या चरित्रात कुठे बसवायचा? जिन्याच्या कथानकात त्याला पायरी नाही. स्कॉटचे चरित्र कुणी लिहिलेच, तर त्याने आरंभ टॅम्पाच्या विजयाने करू नये, पराभवानेही करू नये. क्लेम्सनच्या सरावाच्या मैदानावर करावा. एखादा पोरगा, हाती चेंडू नसताना, कसा धावायला शिकला तिथून.