मार्ता: जागा करून घेणारा खेळ

२७ सप्टेंबर २००७. चीनमधल्या हांगचौ शहरात महिला विश्वचषकाचा उपांत्य सामना चालू आहे. समोर ५१ सामने न हरलेला अमेरिकेचा संघ आहे, आणि ब्राझील ३-० ने पुढे आहे. लाल कार्डामुळे अमेरिकेच्या दहाच जणी मैदानात उरल्या आहेत. ७९वं मिनिट. निकालापुरतं बोलायचं तर सामना संपल्यातच जमा आहे.

पेनल्टी क्षेत्राच्या डाव्या कडेला दहा नंबरची मार्ता गोलकडे पाठ करून उभी आहे. अमेरिकेची बचावपटू टीना एलर्टसन तिच्या पाठीला चिकटून आहे. चेंडू येतो. मार्ता तो पायावर अलगद झेलते आणि लगेच मागे वळवून देते. चेंडू एलर्टसनच्या एका बाजूने निघतो आणि मार्ता गिरकी घेऊन दुसऱ्या बाजूने. बचावपटूला वळायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात चेंडू आणि मार्ता तिच्या पाठीमागे पुन्हा एकत्र आलेले असतात. दुसरी बचावपटू धावून येते, मार्ता तिलाही चकवत आत वळते आणि गोलरक्षक ब्रायाना स्करीला काही सुचायच्या आत चेंडू जाळ्यात असतो. ४-०.

हा गोल मी कितीतरी वेळा पाहिला आहे आणि दर वेळी माझी नजर मार्ताइतकीच एलर्टसनवर खिळते. तिचं चुकलेलं काहीच नाही. आक्रमक खेळाडू पाठमोरी असेल तर तिला वळू द्यायचं नाही, हे बचावाचं पहिलं सूत्र तिने तंतोतंत पाळलं होतं. गोल दिसत नाही, पळायला मोकळी वाट नाही, मदतीला कोणी जवळ नाही, अशा कोपऱ्यात तिने मार्ताला अडकवलं होतं. अशा वेळी आलेला चेंडू आलेल्या दिशेने परत देणं, हेच शहाणपणाचं मानलं जातं. मार्ताने त्या बंद कोपऱ्यातच दार उघडलं. पाठीला चिकटलेली बचावपटू ही अडचण न मानता तिने तिलाच आडोसा केलं. माझ्या मते मार्ताचा सगळा खेळ या एका गोलात सापडतो: जागा नसेल तिथे जागा करणं. आणि तिची पंचवीस वर्षांची कारकीर्दही याच गोलाच्या आधाराने वाचावी असं मला वाटतं.

मार्ता व्हिएरा द सिल्वाचा जन्म १९८६चा, ईशान्य ब्राझीलमधल्या आलागोआस राज्यातल्या दोइस रियाशोस या छोट्या, गरीब गावातला. फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या या देशात १९४१च्या एका सरकारी हुकमाने स्त्रियांना ‘त्यांच्या प्रकृतीला न मानवणारे’ खेळ खेळायला मनाई केली होती, आणि ती मनाई १९७९पर्यंत टिकली. कायदा गेला तरी गावाच्या नजरेतून तो इतक्या लवकर जात नाही. मार्ता मुलांबरोबर खेळायची, मुलांपेक्षा सरस खेळायची, आणि टोमणे खायची. एका स्पर्धेत तर ही मुलगी खेळणार असेल तर आपला संघ काढून घेऊ, असं समोरच्या प्रशिक्षकाने बजावलं होतं. अंगाला खेटणाऱ्या, धक्के देणाऱ्या मुलांच्या गराड्यातून चेंडू सोडवून आणण्याचं तिचं शिक्षण तिथलं. चौदाव्या वर्षी ती एकटी बसमध्ये बसली आणि तीन दिवसांचा प्रवास करून रिओला, वास्को द गामा क्लबच्या चाचणीसाठी पोहोचली. २००४ साली ती स्वीडनमधल्या उमिओ क्लबकडून खेळू लागली. बर्फाचा देश, अनोळखी भाषा. त्याच मोसमात उमिओने युरोपातला सर्वोच्च महिला क्लब करंडक जिंकला.

पुढच्या प्रवासाचा तपशील नीट पाहिला पाहिजे, कारण तिच्या पायांतलं कौशल्य सगळे पाहतात, पायाखालच्या जमिनीचं काय होत होतं ते फारसं कोणी पाहत नाही. २००९मध्ये ती अमेरिकेतल्या नव्या व्यावसायिक लीगमध्ये लॉस एंजेलिस सोलकडे गेली. साखळी सामन्यांत संघ पहिला आला, सर्वाधिक गोल तिचे. मोसम संपला आणि क्लब बंद पडला. २०१०मध्ये एफसी गोल्ड प्राइडला तिने विजेतेपद मिळवून दिलं. तोही क्लब बंद. २०११मध्ये वेस्टर्न न्यूयॉर्क फ्लॅशबरोबर पुन्हा विजेतेपद, आणि या वेळी अख्खी लीगच गुंडाळली गेली. मग ती स्वीडनला परतली, तिरेसो क्लबमध्ये. २०१४च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात तिने दोन गोल केले, तरी वोल्फ्सबुर्ग ४-३ ने जिंकलं. काही आठवड्यांत तिरेसोने पैशाअभावी स्वीडिश लीगमधून अंग काढून घेतलं.

२००६ ते २०१० अशी सलग पाच वर्षं फिफाने जगातली सर्वोत्तम महिला फुटबॉलपटू म्हणून गौरवलेल्या खेळाडूची ही कथा आहे. जिंकूनही क्लब टिकत नव्हते, कारण महिला फुटबॉलमध्ये पैसा ओतून वाट पाहण्याची तयारी फार थोड्यांची होती. दर वेळी ती बाडबिस्तरा उचलून नव्या शहरात गेली, नव्या सहकाऱ्यांच्या खेळाशी जुळवून घेतलं आणि पुन्हा गोल करू लागली. एलर्टसनला चिकटून उभं राहून वळायला जी हिंमत लागते, तीच इथेही दिसते.

या कारकिर्दीत हुकलेल्या गोष्टी खूप आहेत आणि त्या झाकायचं कारण नाही. हांगचौच्या त्या गोलानंतर तीनच दिवसांनी शांघायमध्ये अंतिम सामना झाला. जर्मनी १-० ने पुढे असताना ब्राझीलला पेनल्टी मिळाली. मार्ताने ती घेतली आणि नादिने अँगररने अडवली. ब्राझील ०-२ ने हरलं. सात गोल करून मार्ता त्या स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू ठरली, पण विश्वचषक जर्मनीकडे गेला. २०११च्या विश्वचषकात ड्रेस्डेनला अमेरिकेविरुद्ध तिच्या दोन गोलांनी ब्राझील जादा वेळेत २-१ ने पुढे होतं. १२२व्या मिनिटाला अ‍ॅबी वॅम्बॅकने हेडर मारला आणि हातातोंडाशी आलेला घास गेला. ऑलिंपिकमध्ये २००४, २००८ आणि २०२४ अशी तीन रौप्यपदकं. सुवर्ण एकही नाही.

तिच्या खेळातली लय मला सर्वांत मोहवते. वेगात धावणाऱ्या आक्रमक खेळाडू पुष्कळ आहेत. मार्ता धावता धावता मधेच रेंगाळते. समेआधी गवई क्षणभर रेंगाळतो आणि ऐकणाऱ्याचा श्वास अडकतो, तशी ती चेंडूवर पाय ठेवून समोरच्या बचावपटूला आधी हालचाल करायला लावते. ती हलली की तिने सोडलेली जागा मार्ताची. म्हणूनच वय वाढून पायांतला वेग ओसरला तरी हे कसब ओसरलं नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये अमेरिकन लीगच्या उपांत्य सामन्यात कॅन्सस सिटीविरुद्ध, वयाच्या ३८व्या वर्षी, तिने बचावपटूंना आणि अखेर गोलरक्षकालाही चकवून गोल केला. आठवड्याभरात ऑर्लँडो प्राइडने तिच्या नेतृत्वाखाली पहिलंवहिलं विजेतेपद पटकावलं. हा क्लब मात्र टिकला होता. ती तिथे २०१७पासून होती.

जागा करून घेण्याची ही कला हळूहळू इतरांसाठी जागा करण्याकडे वळली. २०१९च्या विश्वचषकात ऑस्ट्रेलियाविरुद्ध पेनल्टीवर गोल करून पाच वेगवेगळ्या विश्वचषकांत गोल करणारी ती पहिली फुटबॉलपटू ठरली. गोल झाल्यावर तिने आपल्या बुटाकडे बोट दाखवलं. त्या बुटावर कोणत्याही कंपनीचं नाव नव्हतं, समानतेचं चिन्ह होतं. स्त्रियांना मिळणाऱ्या तुटपुंज्या मोबदल्याबद्दल तिने असं भर मैदानात म्हणणं मांडलं. पुढे इटलीविरुद्ध तिचा विश्वचषकातला १७वा गोल झाला. पुरुषांमध्ये त्या वेळी मिरोस्लाव्ह क्लोजाचा विक्रम १६ गोलांचा होता. मग फ्रान्सकडून हरल्यावर ती कॅमेऱ्यासमोर डोळ्यांत पाणी आणून मायदेशातल्या मुलींशी बोलली: संघातल्या फोर्मिगा, मार्ता, क्रिस्तियाने कायमच्या राहणार नाहीत, महिला फुटबॉल तुमच्यावर अवलंबून आहे, आज कष्ट घ्या म्हणजे शेवटी हसाल.

त्या आवाहनाचं उत्तर २ ऑगस्ट २०२५ रोजी कीतोमध्ये मिळालं. कोपा अमेरिकाचा अंतिम सामना, समोर कोलंबिया. ३९ वर्षांची मार्ता बदली खेळाडू म्हणून उतरली. ब्राझील २-३ ने मागे असताना भरपाई वेळेच्या सहाव्या मिनिटाला तिने दुरून फटका मारून बरोबरी साधली आणि जादा वेळेत आणखी एक गोल केला. सामना ४-४ वर सुटला आणि पेनल्टी शूटआउटमध्ये मार्ताचा फटका अडवला गेला. शांघायमध्ये असंच झालं तेव्हा ते अपयश सावरायला कोणी पुढे येऊ शकलं नव्हतं. या वेळी धाकट्या सहकाऱ्यांनी गोल केले, गोलरक्षक लोरेनाने शेवटचा फटका अडवला आणि ब्राझील जिंकलं. विश्वचषक नसलेली कारकीर्द अपुरी म्हणणाऱ्यांनी हा सामना जरूर पाहावा. एकटीच्या पायांवर उभ्या असलेल्या संघाला आपली चूकही पेलता येईल इतकं बळ मिळावं, ही मोठ्या खेळाडूची खरी कमाई, आणि मार्ताला ती मैदानात उभी असतानाच लाभली.