पोत्यावरचं नाव

शिकागोच्या पश्चिम उपनगरातून शहरात जाणारी सकाळची लोकल मी गेली कित्येक वर्षं पकडतो. कॉफीचा पेला, घडी घातलेलं वर्तमानपत्र आणि खिडकीबाहेर मालगाड्यांची न संपणारी रांग, हा आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचा देखावा. विल्यम क्रॉनन या इतिहासकाराचं 'नेचर्स मेट्रोपोलिस: शिकागो अँड द ग्रेट वेस्ट' हे १९९१ सालचं पुस्तक मी याच प्रवासात वाचून काढलं. वाचता वाचता कळलं, की आमची लोकल ज्या मार्गावरून धावते, तोच शिकागोचा पहिला लोहमार्ग! ऑक्टोबर १८४८ मध्ये 'पायोनियर' नावाचं जुनं, वापरलेलं इंजिन त्यावरून पहिल्यांदा धावलं. कंपनीचं नाव 'गॅलेना अँड शिकागो युनियन'; गंमत म्हणजे तिचे स्वतःचे रूळ गॅलेनाला कधी पोचलेच नाहीत.

त्याच १८४८ साली शिकागोत कालवा खुला झाला आणि 'बोर्ड ऑफ ट्रेड'ची स्थापना झाली. १८५० मध्ये गावाची वस्ती होती तीस हजारांच्या आसपास. १८९० मध्ये ती दहा लाखांच्या वर गेली. हे कसं घडलं? सरोवर आहे, नदी आहे, मोक्याची जागा आहे, असं आपण चटकन म्हणतो. क्रॉनन म्हणतो, एवढ्यानं भागत नाही. निसर्गानं दिलेल्या पहिल्या सृष्टीवर माणसानं रुळांची दुसरी सृष्टी उभी केली, आणि पुढे लोक तिलाच निसर्ग समजू लागले. सरोवर हिवाळ्यात गोठायचं, रस्ते वसंतात चिखलात बुडायचे. आगगाडीनं बाजाराला बारा महिने मिळवून दिले. रूळ टाकायला घेतलेल्या कर्जाचं व्याज गाडी धावो न धावो, द्यावंच लागे. म्हणून कंपन्यांना डबे सतत भरलेले हवेत, माल प्रचंड हवा. पश्चिमेकडचे मार्ग शिकागोत संपत आणि पूर्वेकडचे तिथून सुरू होत. मालाला तिथे उतरावंच लागे, आणि माल उतरतो तिथे पैसाही उतरतो. १८ नोव्हेंबर १८८३ रोजी तर रेल्वे कंपन्यांनी देशभरची घड्याळंही आपल्या सोयीनं लावून घेतली.

पुस्तकाचा सगळ्यात सरस भाग आहे धान्याचा. रेल्वेआधी शेतकरी गहू पोत्यात भरून नदीमार्गे पाठवी. पोतं विकलं जाईपर्यंत त्याचंच. भिजलं, बुडालं तर नुकसानही त्याचंच. आमचे आबाजी वऱ्हाडात ज्वारीच्या पोत्यांवर डांबरानं नाव लिहीत, ते मला इथे आठवलं. रेल्वेला आणि तिच्याकाठी उभ्या राहिलेल्या धान्याच्या उंच कोठारांना, म्हणजे एलेव्हेटरना, हे पोतं अडचणीचं होतं. वाफेवर चालणाऱ्या बादल्यांच्या माळेनं सुटं धान्य पाण्यासारखं वर चढवायचं, तर प्रत्येकाचा गहू वेगळा ठेवून कसं चालेल? तेव्हा पोतं गेलं, आणि त्याबरोबर नावही गेलं. १८५६ साली बोर्डानं गव्हाचे वर्ग ठरवले, पुढे प्रती ठरल्या. शेतकऱ्याच्या हातात आली एक पावती: अमुक प्रतीचा इतका गहू. कोणाच्या शेतातला, याला महत्त्व उरलं नाही. मग पावतीच विकली जाऊ लागली, आणि पुढे तर अजून न उगवलेल्या गव्हाचेही सौदे होऊ लागले. वायदेबाजाराचा जन्म इतक्या सोप्या रीतीनं समजावून सांगणारं दुसरं लेखन माझ्या वाचनात नाही.

पण इथेच माझी लेखकाशी तक्रार सुरू होते. प्रतवारी ही क्रॉननला मुख्यतः एक विलक्षण कल्पना वाटते. मला ती वेगळी माहीत आहे. दहा-बारा वर्षांचा असताना मी आबाजींबरोबर कापसाची बंडी घेऊन एका खरेदी केंद्रावर गेलो होतो. दोन रात्री रांगेत बंडीखाली झोपलो. तिसऱ्या दिवशी ग्रेडरनं बंडीत हात घातला, मूठभर कापूस काढला, आबाजींकडे न बघताच म्हणाला, "दुसरी प्रत." वर्षभराच्या कष्टाचा निकाल त्या एका मुठीत लागला. आबाजी काही बोलले नाहीत. परतताना एवढंच म्हणाले, "कापूस आपला, पण डोळे त्याचे."

इलिनॉयच्या शेतकऱ्यांचं दुखणं नेमकं हेच होतं. त्यांची ओरड अशी, की आपला गहू घेताना हलका ठरवतात आणि चांगल्यात मिसळून वरच्या भावानं विकतात. ही हकिकत क्रॉनन सांगतो, प्रामाणिकपणे सांगतो. पण त्याच्या कथेचा तो कणा होत नाही. शहरातले वर्गसंघर्ष आपण बाजूला ठेवले आहेत, अशी कबुली त्यानं प्रस्तावनेत दिलीच आहे. कबुली दिल्यानं उणीव भरून निघत नाही. १८६५ चे जनावरांचे गोठे, बर्फ घातलेल्या डब्यांतून पूर्वेला जाणारं मांस, विस्कॉन्सिनची तोडलेली पाइनची जंगलं, सारं आहे. पण कत्तलखान्यातला कामगार किंवा १८९४ च्या पुलमन संपातला माणूस शोधावा लागतो. माल बोलतो, माणसं मुकी राहतात. त्यामुळे सगळं कसं अटळ, जणू रूळ पडले तेव्हाच ठरलेलं, असं वाटू लागतं.

ते अटळ नव्हतं, हे आपल्याकडचा इतिहास शेजारी ठेवला की दिसतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धानं, १८६१ ते ६५ या काळात, इथला कापूस अडला आणि मँचेस्टरचे डोळे आपल्या कापसाकडे वळले. १८६७ मध्ये रेल्वे वऱ्हाडातून नागपूरला पोचली. १८७० मध्ये जलंबहून खामगावच्या कापूस बाजारापर्यंत फाटा गेला. तेच तंत्र, तोच दूरचा बाजार. पण इलिनॉयच्या शेतकऱ्याजवळ मत होतं. त्यानं १८७० च्या राज्यघटनेत कोठारांवर कलम घालून घेतलं. १८७१ च्या कायद्यानं कोठारांच्या दरांना मर्यादा आली आणि धान्याची तपासणी बोर्डाकडून काढून राज्याकडे दिली गेली. 'मन विरुद्ध इलिनॉय' या खटल्यात १८७७ साली सर्वोच्च न्यायालयानं राज्याचा हा अधिकार उचलून धरला. त्या काळच्या वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला यातलं काहीच मागता येत नव्हतं. १८९९-१९०० च्या दुष्काळात दाराशी रूळ होते, गाड्या धावत होत्या. पण धान्य विकत घ्यायला लोकांच्या हातात पैसा नव्हता. रूळ माल कुठे न्यायचा ते ठरवतात. त्याची प्रत कोण ठरवणार, हे मात्र माणसं ठरवतात, आणि ज्यांना बोलता येतं तीच ठरवतात.

इतकं भांडूनही हे पुस्तक अवश्य वाचा, असंच मी म्हणेन. शहरातल्या माणसाला आपलं अन्न कुठून येतं याचा विसर पडतो, आणि हा विसरही विकत घेतलेला असतो, हे त्याचं सांगणं आपल्याला चांगलंच लागू आहे. आपल्या घरातल्या कणकेच्या पिशवीवर दुकानदाराचं नाव असतं, गिरणीचं असतं, शेतकऱ्याचं नसतं. परवा लोकल फाटकाशी थांबली आणि शेजारून धान्याचे डबे जाऊ लागले. मी शंभरापर्यंत मोजले आणि सोडून दिलं. कुठल्याच डब्यावर डांबरानं लिहिलेलं नाव नव्हतं.