पडद्यामागील देशपांडे : 'द चार्म ऑफेन्सिव्ह' या कादंबरीतील प्रेम, श्रम आणि मान्यता

प्रास्ताविक

प्रेमकथा हा कादंबरीचा प्रकार वाचकप्रिय असूनही समीक्षेच्या दृष्टीने बराचसा उपेक्षित राहिला आहे. मराठीत ना. सी. फडके यांनी या प्रकारास मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. परंतु फडके म्हटले की चर्चा 'कलेसाठी कला' या वादाकडे वळते. कादंबरीत प्रेम नेमके कसे 'घडविले' जाते, हा प्रश्न मागे पडतो. 'रिॲलिटी शो' या दूरचित्रवाणीवरील प्रकाराने हाच प्रश्न नव्याने पुढे आणला. अमेरिकेत २००२ मध्ये 'द बॅचलर' हा कार्यक्रम सुरू झाला. त्यात एक अविवाहित पुरुष अनेक तरुणींमधून जोडीदार निवडतो. भारतात २००९ मध्ये 'राखी का स्वयंवर' आला, तर २०१८ पासून 'बिग बॉस मराठी'ने स्पर्धकांचे सहजीवन मराठी घराघरांत पोहोचविले. अशाच एका काल्पनिक कार्यक्रमाच्या चित्रीकरणात घडणारी ॲलिसन कॉक्रन यांची 'द चार्म ऑफेन्सिव्ह' (२०२१) ही इंग्रजी प्रेमकादंबरी मराठी अभ्यासकांचे लक्ष वेधून घेते, कारण तिच्या दोन नायकांपैकी एकाचे नाव देव देशपांडे असे आहे.

कथानक व निवेदन

'एव्हर आफ्टर' या कार्यक्रमाच्या नव्या पर्वाचा नायक म्हणून चार्ली विन्शॉ हा तरुण उद्योजक निवडला जातो. स्वतःच स्थापन केलेल्या कंपनीतून त्यास बाहेर पडावे लागले आहे. गमावलेली प्रतिष्ठा परत मिळविणे एवढाच त्याचा हेतू असून प्रेमावर त्याचा विश्वास नाही. ओसीडी या नावाने ओळखला जाणारा मंत्रचळ आणि तीव्र चिंता यांमुळे तो कॅमेऱ्यासमोर गोठून जातो. त्याला 'राजपुत्र' म्हणून उभे करण्याचे काम देव देशपांडे या निर्मात्याकडे येते. देवचा परीकथेवर मनापासून विश्वास आहे. स्पर्धक तरुणींशी चार्लीचे सूत जुळविता जुळविता तो स्वतःच चार्लीच्या प्रेमात पडतो.

निवेदन तृतीयपुरुषी असून ते आळीपाळीने दोघांच्या दृष्टिकोनातून पुढे सरकते. मध्ये मध्ये संकलकांसाठी लिहिलेल्या टिपणांच्या स्वरूपाचा मजकूर येतो. वाचकाने नुकताच अनुभवलेला प्रसंग प्रक्षेपणासाठी कसा बेतला जाणार, हे त्यातून कळते. एकच घटना जगण्याच्या पातळीवर आणि मालाच्या पातळीवर अशी दोनदा वाचावयास मिळणे, हा या कादंबरीच्या रचनेचा सर्वांत सार्थ विशेष होय.

पडद्यामागील श्रम

रिॲलिटी शोविषयीची सर्वसाधारण टीका तो 'खोटा' असतो एवढ्यावरच थांबते. प्रस्तुत कादंबरी त्यापुढे जाऊन हा खोटेपणा तयार करण्यासाठी कोणाचे श्रम खर्ची पडतात, असे विचारते. देव इतरांच्या भावनांची निगा राखतो, त्यांना धीर देतो, त्यांच्या तोंडी योग्य शब्द येतील अशी व्यवस्था करतो. पडद्यावर मात्र त्याचा मागमूस उरत नाही. ठाणे–बेलापूर पट्ट्यातील पावणे येथील औद्योगिक वसाहतीच्या परिसरात वावरणाऱ्या वाचकास हे वेगळे सांगावे लागत नाही. तयार मालाच्या वेष्टनावर तो घडविणाऱ्या कामगाराचे नाव नसते. इथे फरक इतकाच की माल प्रेमाचा आहे आणि तो घडविणाऱ्याला स्वतःच्या प्रेमास मुकावे लागते आहे. स्वतःच्या नैराश्यासाठी मात्र या भावनिक श्रमिकाकडे वेळ नाही. प्रेम लाभले म्हणजे आजार बरा होतो, हा प्रेमकथेतील रूढ संकेत लेखिका नाकारते. देव आधी दूर होतो, उपचार घेतो आणि नंतरच पुनर्मीलन घडते. हा संयम उल्लेखनीय आहे.

'देशपांडे' या आडनावाचा प्रश्न

परदेशी कादंबरीत ओळखीचे आडनाव दिसताच हर्ष होणे स्वाभाविक आहे. तथापि हे आडनाव महाराष्ट्राप्रमाणे कर्नाटकातही आढळते. शिवाय भाषा, घर, स्थलांतर यांचा ताण हा या कादंबरीचा मुख्य विषय नाही. अशा स्थितीत तिला मराठी डायस्पोराची कादंबरी म्हणणे अतिव्याप्त ठरेल. तिचे मोल मराठी साहित्याशी तुलना करता अधिक स्पष्ट होते. विजय तेंडुलकर यांच्या 'मित्राची गोष्ट' (१९८१) या नाटकात समलिंगी प्रेमाची परिणती विनाशात होते. सचिन कुंडलकर यांच्या 'कोबाल्ट ब्लू' (२००६) या कादंबरीत प्रियकर निघून जातो आणि मागे भाऊ व बहीण दोघांच्याही वाट्याला रितेपण येते. या पार्श्वभूमीवर एका देशपांडेच्या वाट्याला सुखान्त येणे ही किरकोळ बाब नव्हे.

मर्यादा : दृश्यता आणि मान्यता

हाच सुखान्त कादंबरीचा कच्चा दुवाही आहे. कार्यक्रमाची सूत्रधार मॉरीन स्कॉट हे प्रेम पडद्यावर येऊ देण्यास विरोध करते. अखेरीस ते त्याच कार्यक्रमातून जगासमोर येते. ज्या यंत्रणेचे अंतरंग कादंबरीने इतक्या बारकाईने उघड केले, तिच्याच शिक्क्याने प्रेम खरे ठरते. यंत्रणा बदलत नाही, केवळ तिला एक नवे आणि अधिक आकर्षक कथानक मिळते.

यावर असा प्रतिवाद शक्य आहे की, स्त्री-पुरुष प्रेमास समाजमान्यता आपोआप मिळते, तर समलिंगी प्रेमास चारचौघांत दिसणे हेही झगडून मिळवावे लागते. हा प्रतिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. परंतु २०२३ मध्ये अशा विवाहास कायदेशीर मान्यता देण्यास नकार दिला. तरीही प्रेक्षकसंख्या म्हणजे मान्यता नव्हे. २०१९ च्या 'बिग बॉस मराठी'त शिव ठाकरे आणि वीणा जगताप यांच्या जवळिकीवर प्रेक्षक मते देत होते. याउलट २००८-०९ च्या 'सा रे ग म प लिटल चॅम्प्स'मधील बालस्पर्धक प्रथमेश लघाटे आणि मुग्धा वैशंपायन यांचे नाते स्पर्धा संपून अनेक वर्षे लोटल्यावर, २०२३ मध्ये, लोकांना कळले आणि त्याच वर्षी त्यांचा विवाह झाला. पहिल्या उदाहरणात नाते आकार घेतानाच प्रेक्षक उपस्थित होता. दुसऱ्यात नाते ठरल्यावर त्याला वार्ता मिळाली. मान्यता दुसऱ्या प्रकारात संभवते, पहिल्यात केवळ पसंती. कादंबरीने देव आणि चार्ली यांना कॅमेऱ्याआडचे क्षण दिले आणि शेवटी तेही प्रक्षेपणाच्या स्वाधीन केले.

निष्कर्ष

'द चार्म ऑफेन्सिव्ह' ही रंजनपर कादंबरी आहे, म्हणून तिला वर्गाबाहेर ठेवण्याचे कारण नाही. भावनिक श्रम, मानसिक आजार आणि समलिंगी प्रेम हे तीन विषय ती सहजतेने एकत्र आणते. तिच्या शेवटाशी मतभेद शक्य आहे; किंबहुना अध्यापनाच्या दृष्टीने तोच तिचा सर्वांत उपयुक्त भाग ठरावा. आपले प्रेम कोणीतरी पाहावे ही इच्छा आणि ते पाहिल्याशिवाय खरे नाही ही समजूत, यांतील अंतर आजच्या विद्यार्थ्यासमोर मांडावयाचे असेल, तर ही कादंबरी त्यासाठी चांगली सुरुवात आहे.