गणवेश उतरल्यावर कोणती विद्या?

‘व्हेन अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शन वॉज व्हाइट’ हा इरा कॅट्झनेल्सन यांचा ग्रंथ २००५ साली प्रसिद्ध झाला. सवलती जेव्हा गोऱ्यांच्या होत्या, असा त्याच्या नावाचा अर्थ. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात शिकले, त्याच विद्यापीठात लेखक राज्यशास्त्र व इतिहास शिकवीत आले आहेत. राखीव जागांमुळे गुणवत्तेचा बळी जातो, ही ओरड आपण नेहमी ऐकतो. अशी ओरड अमेरिकेतही आहे. तिला हा ग्रंथ एक सरळ उत्तर देतो. काळ्यांसाठी विशेष सवलतींचा विचार १९६० नंतर सुरू झाला. पण त्याआधी, १९३० आणि १९४० च्या दशकांत, तेथील शासनाने याहून कितीतरी मोठी सवलत गोऱ्यांना दिली होती. फक्त तिला कोणी सवलत म्हटले नाही.

या ग्रंथाच्या एकाच प्रकरणाचा विचार येथे करावयाचा आहे. ते माजी सैनिकांविषयीचे आहे. त्याचे कारणही उघड आहे. आपल्या वस्त्यांतून सैन्यात गेलेली मुले आता बाविसाव्या-चोविसाव्या वर्षी परत येण्याची वेळ आली आहे. त्यांतल्या एखाद्याने ‘मला विद्यापीठात जाऊन संगणकशास्त्र शिकायचे आहे’ असे म्हटले, तर समाजाजवळ आणि शासनाजवळ त्याला देण्यासारखे काय आहे? हा प्रश्न मनात धरून हे प्रकरण वाचले म्हणजे ग्रंथाचे बळही दिसते आणि त्याची उणीवही.

अध्यक्ष रूझवेल्ट यांनी २२ जून १९४४ रोजी सैनिकांच्या पुनर्वसनाच्या कायद्यावर सही केली. लोक त्याला ‘जीआय बिल’ म्हणतात. युद्धावरून परतलेल्या सैनिकाला कॉलेजच्या फीसाठी वर्षाला ५०० डॉलरपर्यंत रक्कम आणि निर्वाहासाठी मासिक भत्ता मिळू लागला. घरासाठी व धंद्यासाठी कर्जाची हमी होती ती वेगळीच. १९४७ साली अमेरिकेच्या कॉलेजांत दाखल झालेल्यांपैकी जवळजवळ निम्मे माजी सैनिक होते. १९५६ साली मूळ योजना संपली तोपर्यंत सुमारे ७८ लाख जणांनी तिच्यातून काही ना काही शिक्षण घेतले. त्यांतले सुमारे २२ लाख कॉलेज-विद्यापीठांत गेले.

या कायद्याच्या वेळीही गुणवत्तेचे रडगाणे झालेच. शिकागो विद्यापीठाचे प्रमुख रॉबर्ट हचिन्स यांना विद्यापीठांचे भटक्यांच्या तळात रूपांतर होईल अशी धास्ती वाटली. हार्वर्डचे अध्यक्ष जेम्स कोनंट यांनाही, युद्धपिढीतले सर्वांत कमी कुवतीचे तरुण आपल्या आवारात भरतील असे भय होते. प्रत्यक्षात काय घडले? हे वयाने मोठे, बायकामुले असलेले, बराकीवजा खोल्यांतून राहणारे विद्यार्थी वर्गात पुढे गेले. कोनंट यांनी नंतर त्यांचे कौतुक केले. जो वर्ग आधी ‘अपात्र’ ठरविला जातो त्याला फी, भाकरी आणि वेळ या तीन गोष्टी मिळाल्या की त्याची पात्रता दिसू लागते, हा या अनुभवाचा धडा आहे. परंतु आपल्याकडे राखीव जागांच्या विरोधकांनी तो कधी वाचला नाही. अमेरिकेचे नाव मात्र ते येताजाता घेतात.

कायद्याच्या शब्दांत वर्णाचा उल्लेख कोठेही नव्हता. मग काळा सैनिक बाहेर कसा राहिला? हा कॅट्झनेल्सन यांच्या विवेचनाचा गाभा आहे. मिसिसिपीचे प्रतिनिधी जॉन रँकिन यांच्यासारख्या दक्षिणेतील पुढाऱ्यांनी पैसा केंद्राचा, पण अंमल स्थानिकांचा अशी व्यवस्था करून घेतली. बँक गावातली, कचेरी गावातली, कॉलेज राज्याचे. म्हणजे हक्क वॉशिंग्टनने दिला आणि किल्ली गावच्या गोऱ्याच्या हाती ठेवली. १९४७ साली मिसिसिपीतील १३ शहरांची जी पाहणी झाली तिच्यात, शासनाने हमी दिलेल्या ३,२२९ कर्जांपैकी काळ्या सैनिकांना मिळालेली कर्जे होती फक्त २. दक्षिणेतील गोऱ्यांची विद्यापीठे काळ्यांना बंद होती. काळ्यांच्या कॉलेजांत जागा अपुऱ्या होत्या. तेथे शिक्षकी, शेती, धर्मोपदेश यांचे वर्ग होते, अभियांत्रिकी विरळ होती आणि डॉक्टरेटपर्यंत शिकण्याची सोय नव्हतीच. गावगाड्याचा अनुभव असलेल्या आपल्या वाचकाला ही रीत समजावून सांगावी लागणार नाही.

या मांडणीवर आक्षेपही आहेत, आणि ते नजरेआड करू नयेत. सुझॅन मेटलर यांनी २००५ सालच्याच आपल्या ग्रंथात दाखविले की, ज्या काळ्या सैनिकांना या योजनेतून शिकता आले ते पुढे सार्वजनिक जीवनात अधिक झुंजार झाले. मेडगर एव्हर्स हे त्याचे ठळक उदाहरण. युद्धावरून परतून ते ऑल्कॉर्न या काळ्यांच्या कॉलेजातून १९५२ साली पदवीधर झाले; १९५४ साली मिसिसिपी विद्यापीठाने त्यांना कायद्याच्या वर्गात प्रवेश नाकारला; नागरी हक्कांच्या लढ्यात १९६३ साली त्यांचा खून झाला. दोन्ही ग्रंथ एकत्र वाचले तर विसंगती उरत नाही. थोड्यांना जे मिळाले त्यातून लढा उभा राहिला, पुष्कळांना ते मिळाले नाही म्हणून दरी वाढली.

माझी हरकत निराळी आहे. कॅट्झनेल्सन घरे मोजतात, कर्जे मोजतात, कॉलेजातील जागा मोजतात. कोणाला कोणती विद्या मिळाली, याची झडती ते पुरेशी घेत नाहीत. ही उणीव लहान नाही, कारण त्याच वर्षांत एक नवे शास्त्र जन्माला येत होते. तोफांच्या माऱ्याची कोष्टके काढण्यासाठी अमेरिकन लष्कराने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बांधवून घेतलेले ‘एनिअ‍ॅक’ हे संगणकयंत्र फेब्रुवारी १९४६ मध्ये जगापुढे आले. संगणकशास्त्र नावाचा विभाग तेव्हा कोठेच नव्हता. पर्ड्यू विद्यापीठात तो १९६२ साली निघाला. तोवर गणित आणि विद्युत अभियांत्रिकी हेच त्या शास्त्राचे दरवाजे होते.

त्या दरवाजातून कोण आत गेले ते पाहा. डग्लस एंगेलबार्ट हा ऑरेगनचा गोरा तरुण. कॉलेज अर्धे टाकून नौदलात रडार-तंत्रज्ञ झाला. १९४५ साली फिलिपाइन्समध्ये असताना, माणसाच्या स्मृतीला यंत्राची जोड देण्याविषयीचा व्हॅनेव्हर बुश यांचा लेख त्याच्या वाचनात आला. परतून त्याने १९४८ साली विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली, १९५५ साली बर्कलीची डॉक्टरेट मिळविली. आणि आज ज्याला आपण ‘माउस’ म्हणतो ते साधन डिसेंबर १९६८ मध्ये जाहीरपणे चालवून दाखविले. त्याच्या बुद्धीविषयी वाद नाही. पण त्याच नौदलात १९४२ पर्यंत काळ्या माणसाला स्वयंपाकी आणि वाढपी यांपलीकडे जागा नव्हती. नंतर दारे किलकिली झाली तरी बहुतेकांच्या वाट्याला खानावळ आणि गोदीतली हमालीच आली. रडारचा पडदा ज्याच्यासमोर ठेवला त्याच्या मनात पडद्यावरील चिन्हांचा विचार आला. ज्याच्या हातात ताटे दिली त्याच्या मनात तो येणार कोठून? सैन्यात कोणते काम दिले, यावर सैन्यानंतर कोणती विद्या मिळणार हे ठरत गेले. क्लॅरेन्स एलिस हे संगणकशास्त्रात डॉक्टरेट मिळविणारे पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन. ते वर्ष होते १९६९. तोपर्यंत त्या शास्त्राची भाषा, त्याची घराणी आणि त्यातल्या ओळखीपाळखी घडून गेल्या होत्या. हवाई दलात नऊ वर्षे काढून परतलेल्या जेम्स मेरेडिथ यांना १९६२ साली मिसिसिपी विद्यापीठात नुसते बसता यावे म्हणून केंद्राला फौज पाठवावी लागली. त्या दंगलीत दोन माणसे मेली. शास्त्र घडविणारे पुढे निघून गेले तेव्हा काळा सैनिक अजून फाटकाशी भांडत होता.

आता आपल्याकडे वळू. शासनाचा एक विशिष्ट निर्णय हाती घ्यावा आणि त्याचे परिणाम पिढ्यान्‌पिढ्या शोधीत जावे, ही कॅट्झनेल्सन यांची पद्धत आपण उचलली पाहिजे. आपल्यापुढे असा एक निर्णय आहे. १८९२ च्या सुमारास ब्रिटिश सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज केला तो याच काळात. त्या बंदीने नोकरी गेली एवढेच आपण सांगतो. पण छावणीत सैनिकांच्या मुलामुलींना शाळा सक्तीची होती, हे बाबासाहेबांनी नमूद करून ठेवले आहे. सुभेदार रामजी हे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. म्हणजे बंदीने बंदूक गेली, तशीच पाटीही गेली. १९१७ साली महारांची पलटण उभी राहिली आणि १९२१ साली मोडली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडावे लागले. आपल्या सभांतून कोरेगावचा स्तंभ येतो. छावणीतली शाळा येत नाही. पराक्रमाचा अभिमान रास्त आहे, पण पराक्रमाच्या बदल्यात मिळालेल्या अक्षराचा हिशेब कोण मांडणार?

स्वतंत्र भारतात सैनिक परततो तेव्हा काय होते? केंद्राच्या ‘क’ गटात १० टक्के आणि पूर्वीच्या ‘ड’ गटात २० टक्के जागा माजी सैनिकांसाठी राखीव ठरल्या. निवृत्त अधिकाऱ्याला व्यवस्थापन संस्थेतील अभ्यासक्रम मिळतो; जवानाला बहुधा पहारेकऱ्याचा दंडुका. पंधरा वर्षे नोकरी झालेल्या मॅट्रिक सैनिकाला ‘क’ गटातील जागांसाठी पदवीधर मानतात. पण जेथे तांत्रिक वा व्यावसायिक अनुभव लागतो तेथे ही सवलत चालत नाही. पंतप्रधानांच्या नावाची शिष्यवृत्ती माजी सैनिकाच्या मुलांना व विधवेला आहे, खुद्द त्याला नाही. त्याने शिकावे ही कल्पनाच व्यवस्थेला सुचलेली नाही. तो सदतिसाव्या-अडतिसाव्या वर्षी परतत असे, म्हणून हे खपून गेले.

आता ते खपणार नाही. जून २०२२ मध्ये आलेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनी चौघांपैकी जास्तीत जास्त एकाला सेवेत ठेवले जाते. बाकीचे तीन सुमारे ११.७१ लाख रुपये घेऊन परततात. पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६-२७ मध्ये भरतात. परतणाऱ्याचे वय कॉलेजचे असेल. १९४५ च्या अमेरिकेसारखी स्थिती आपल्याकडे प्रथमच येत आहे, पण त्या कायद्यासारखा कायदा नाही. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या पदवीत निम्मे गुणांक सैन्यातील कौशल्य-प्रशिक्षणाचे धरण्याची घोषणा तेवढी झाली. येथेच रडार आणि ताट यांचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. अग्निवीरांत ‘तांत्रिक’ शाखेला बारावीचे गणित-पदार्थविज्ञान लागते. ‘ट्रेड्समन’ शाखेत धोबी, न्हावी, स्वयंपाकी, साफसफाई ही कामे असतात आणि आठवी-दहावीवर भरती होते. धुण्याचे आणि झाडण्याचे निम्मे गुणांक धरून जी पदवी मिळेल ती घेऊन संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गाच्या दारात उभे राहता येईल काय? की जातीने नेमून दिलेल्या कामावर विद्यापीठाचा शिक्का बसेल?

ग्रंथाच्या शेवटाशी माझा मतभेद आहे तो याच ठिकाणी. न्यायमूर्ती पॉवेल यांनी १९७८ च्या बाकी खटल्यात घातलेल्या मर्यादेत राहून, जी हानी शासनाच्या विशिष्ट कृतीपर्यंत नेमकी पोहोचविता येईल तिचीच भरपाई मागावी, असा लेखकाचा कल आहे. अमेरिकेच्या न्यायालयांत ही युक्ती उपयोगी असेल. पण जात ही कोणत्या एका साली मंजूर झालेला कायदा नव्हे. १८९२ चा निर्णय दाखविता येतो. धोब्याच्या पोराला गणिताच्या तासाला मागे बसविणाऱ्या हजार वर्षांचा हुकूम कोठून आणणार? पुरावा मागण्याचा अधिकारही पुन्हा कचेरीतल्या माणसाकडेच जाईल, आणि रँकिनच्या व्यवस्थेत काय घडले हे हाच ग्रंथ सांगतो.

म्हणून ग्रंथ वाचून थांबू नये. सैन्यातील तांत्रिक व ट्रेड्समन शाखांत कोणत्या जातीचे किती तरुण आहेत, हा आकडा माहितीच्या अधिकारात मागावा. न दिल्यास नकाराचा कागद जपून ठेवावा. चार वर्षे सेवा केलेल्या प्रत्येकाला, त्याची शाखा कोणतीही असो, नियमित विद्यापीठात फी व निर्वाहभत्त्यासह जागा आणि त्याआधी गणिताचे एक वर्ष, अशी मागणी विद्यार्थी संघटनांनी लावून धरावी. ते वर्ष शिकविण्याची तयारी आपल्या शिक्षकांनी आजच दाखवावी. परतणारा मुलगा हातात पैसा घेऊन येईल. गावातले सावकार, दलाल आणि खाजगी क्लासवाले त्याची वाट पाहत आहेत. त्यांच्याआधी आपण त्याच्याकडे पोहोचले पाहिजे.