पश्चिमेची वाट आणि परतीचे साहित्य

मराठीत प्रवासवर्णनांना तोटा नाही. त्यांतही विलायतेच्या व अमेरिकेच्या प्रवासाची पुस्तके इतकी झाली आहेत की त्यांचे एक वेगळे दालनच मांडता येईल. या पुस्तकांचे मूल्यमापन आपण सहसा तीन गोष्टींवरून करतो : लेखकाने काय पाहिले, ते किती रसाळपणे सांगितले आणि त्यातून त्याचे व्यक्तिमत्त्व कितपत प्रकट झाले. या कसोट्या आम्हांला अपुऱ्या वाटतात. प्रवासी ज्यांना मागे ठेवून निघाला ती माणसे त्याच्या लेखनात कोठे आहेत, हा चौथा प्रश्न आम्ही त्यांत मिळवू इच्छितो. ‘पश्चिम’ या शब्दाच्या मुळाशी ‘मागचा, पाठीकडचा’ असा अर्थ आहे. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या माणसाच्या पाठीशी असलेली ती दिशा. तिकडे निघणारा माणूस कोणाकडे पाठ फिरवतो आणि किती काळ, यावर त्याच्या पुस्तकाचे मोल पुष्कळ अंशी ठरते.

पवित्र शास्त्रात पश्चिमेच्या या दोन्ही वाटा आहेत. योनाला पूर्वेच्या निनवे नगराकडे जाण्याची आज्ञा होते आणि तो याफोच्या बंदरातून तार्शीशला जाणारे गलबत गाठतो. त्याची पश्चिम ही पळवाट आहे. संत मत्तयच्या शुभवर्तमानातील ज्ञानी लोकही पूर्वेकडून निघून पश्चिमेला येतात, पण शोधासाठी. नाताळच्या देखाव्यात आपण त्यांना गव्हाणीपाशी थांबवून ठेवतो. शुभवर्तमानकार मात्र त्यांना दुसऱ्या वाटेने आपल्या देशी परत पाठवतो. गेलेला माणूस परत येतो आणि येताना त्याची वाट बदललेली असते, ही गोष्ट आमच्या मते प्रवासवाङ्मयाच्या गाभ्याची आहे.

भारतीय भाषांतील पहिले प्रवासवर्णन म्हणून ज्याचा मान केला जातो, तो मल्याळम भाषेतील ‘वर्तमानपुस्तकम्’ हा ग्रंथ या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. १७७८ साली केरळातील कारियाट्टिल जोसेफ मल्पान व पारेम्माक्कल थॉमस कत्तनार हे दोन धर्मगुरू आपल्या समाजाची गाऱ्हाणी मांडण्यासाठी लिस्बन व रोमकडे निघाले. कारियाट्टिल यांना आर्चबिशपपद मिळाले. परंतु परतताना १७८६ साली गोव्यातच त्यांचे निधन झाले. पारेम्माक्कल यांनी लिहिलेल्या या वृत्तांतात शहरे आणि समुद्र आहेतच, पण त्याहून अधिक आहे ती घरी वाट पाहणाऱ्या लोकांची आठवण. लेखक त्यांचा वकील म्हणून गेला होता आणि वकिलाच्याच निष्ठेने तो लिहितो.

मराठीत या तोलाचे पुस्तक पंडिता रमाबाईंचे. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या, तेथेच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १८८६ साली त्या अमेरिकेत पोहोचल्या. १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचे नाव आहे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’. शब्दांचा क्रम पाहावा : आधी लोकस्थिती, मग प्रवास. अमेरिकन स्त्रियांचे शिक्षण आणि त्यांच्या संघटना यांविषयी रमाबाई तपशिलाने लिहितात, कारण तेथे काय आहे यापेक्षा येथे काय करता येईल हा प्रश्न त्यांच्या मनात आहे. कोठे कोठे त्यांचे कौतुक अंमळ सढळ होते, हे मान्य केले पाहिजे. तरीही वर्णभेदासारखे त्या समाजाचे व्यंग त्यांच्या नजरेतून सुटत नाही. पुढे सॅन फ्रान्सिस्कोहून जपानमार्गे त्या मुंबईस आल्या, म्हणजे पश्चिमेला जात जात पूर्वेकडून घरी पोहोचल्या आणि मार्च १८८९ मध्ये त्यांनी शारदासदन उघडले. ते पुस्तक आणि ते सदन एकाच वर्षीचे आहेत. एकाचा अर्थ दुसऱ्यावाचून पुरता लागत नाही.

आनंदीबाई जोशी यांना परतीचे फळ लाभले नाही. १८८३ साली अठराव्या वर्षी त्या कलकत्त्याहून निघाल्या, मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, आणि कोल्हापूरच्या रुग्णालयातील नेमणुकीवर रुजू होण्यापूर्वीच फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात निवर्तल्या. श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) या कादंबरीने हे नाव घरोघर नेले. पण कादंबरीचा जीव पतिपत्नींच्या नात्यातील ताणात आहे. ज्या स्त्रियांच्या उपचारांसाठी हा सारा खटाटोप होता, त्या तीत मागे राहतात. काशीबाई कानिटकरांनी चरित्रात जपलेली आनंदीबाईंची पत्रे त्यामुळेच आम्हांला कादंबरीइतकी, किंबहुना काकणभर अधिक मोलाची वाटतात.

स्वातंत्र्यानंतर पुष्कळ लेखक पश्चिमेला गेले. गंगाधर गाडगीळांचे ‘साता समुद्रापलीकडे’ (१९५९) व पु. ल. देशपांडे यांची ‘अपूर्वाई’ (१९६०) यांनी मराठी गद्याला मोकळेपणा दिला, याबद्दल दुमत नाही. मात्र येथून प्रवासी हाच प्रवासाचा विषय होऊ लागला, आणि अनुकरण करणाऱ्यांच्या हाती तर केवळ त्याच्या गमतीजमतीच उरल्या.

ज्या जामखेडातून आम्ही हे लिहितो, त्या गावाला परतीचा अर्थ वेगळ्या रीतीने कळला आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन १९७० साली परतले आणि या दुष्काळी तालुक्यात त्यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘जामखेड’ या इंग्रजी ग्रंथाला कोणी प्रवासवर्णन म्हणणार नाही. आम्ही मात्र त्याला परतीचे पुस्तक म्हणू. त्यात डॉक्टरांहून मोठी जागा खेड्यातल्या, बहुधा निरक्षर अशा आरोग्य सेविकांना आहे. त्यांच्यापैकीच मुक्ताबाई १९८८ साली वॉशिंग्टनला गेल्या. सभागृहातील झुंबरे सुंदर असली तरी महागडी व दूरची आहेत आणि आपल्या हातातल्या साध्या पणतीला दुसरी पणती पेटवता येते, अशा आशयाचे त्या बोलल्या. आनंदीबाईंच्या प्रवासानंतर शंभर वर्षांनी मराठी स्त्री पश्चिमेला शिकवण्यासाठी गेली होती. या भाषणाला आपल्या वाङ्मयेतिहासात जागा का असू नये ?

याच तालुक्यातून आणखी एक पश्चिमयात्रा दरवर्षी निघते. दसरा-दिवाळी झाली की जामखेड, पाथर्डी, आष्टी, पाटोदा या भागांतून ऊसतोड मजुरांच्या गाड्या भरतात आणि ज्या प्रदेशाच्या नावातच पश्चिम आहे त्या पश्चिम महाराष्ट्राकडे जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल बहुतेक वेळा निघण्यापूर्वीच खर्च झालेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. नाताळ, संक्रांत, होळी फडाजवळच्या कोपीतच येतात आणि जातात. म्हातारी माणसे गावी राहतात. मुले कधी त्यांच्यापाशी, तर कधी शाळा सोडून आईबापांबरोबर असतात. उन्हाळा लागताना सारे परततात, तेव्हा उचल फिटली की नाही यावर पुढचे वर्ष ठरते.

या जीवनावर मराठीत कथा-कविता आणि आत्मकथने झाली आहेत. परंतु त्यांना आपण ‘ग्रामीण’ वा ‘दलित’ साहित्याच्या फडताळात ठेवतो, प्रवासाच्या नव्हे. बोटीने किंवा विमानाने गेला तो प्रवासी आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गेला तो मजूर, ही वाटणी वाङ्मयाची नसून प्रतिष्ठेची आहे. मागे राहिलेल्यांची आठवण ही कसोटी मानली, तर कोपीतून गावी गेलेला निरोप हा मोठ्या प्रवासग्रंथांच्या शेजारी ठेवावा लागेल.

आमच्या वाचकांच्या घरांतूनही कोणी आखाती देशांत, कोणी युरोप-अमेरिकेत, तर कोणी साखर कारखान्यांवर गेलेले आहे. त्यांनी घरी धाडलेली पत्रे व निरोप कुटुंबांनी जपून ठेवावेत, आणि घरी राहिलेल्यांनी आपली वाट पाहण्याची हकिकतही लिहून काढावी. उद्याच्या समीक्षकाला मराठी माणसाच्या पश्चिमयात्रेचा खरा वृत्तांत तेथेच सापडेल.