वादकांकडे तोंड करून

ट्रान्सिल्व्हेनियातल्या कॉलोतॉसेग भागातला गडी 'लेगेन्येश' नाचायला उभा राहतो तेव्हा त्याचं तोंड वादकांकडे असतं. टाचा आपटतात, मांडीवर आणि उंच बुटांवर तळहाताचे फटके बसतात, नजर मात्र व्हायोलिनवाल्याच्या हातावर खिळलेली. भोवती जमलेल्यांना त्याची पाठ दिसली तरी कुणाची तक्रार नसते. हाच नाच रंगमंचावर आला की नर्तक प्रेक्षकांकडे वळतो आणि वादक त्याच्या पाठीमागे जातात. हंगेरीच्या लोकनृत्याची गेल्या शतकभरातली सगळी ओढाताण मला या एका वळण्यात दिसते.

रंगमंचाची ओढ जुनी आहे. 1930च्या दशकात खेड्यांतले नाचणारे गट बुडापेस्टला आणून पाहुण्यांसमोर उभे केले जात. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत धर्तीवर सरकारी नृत्यपथक आलं. झगमगते पोशाख, वाद्यवृंद, पन्नास पाय एकाच वेळी उचलले जाणार. कौशल्य खरं होतं. पण ते बसून पाहायचं, त्यात उतरायचं नाही.

6 मे 1972 रोजी बुडापेस्टच्या लिस्ट चौकातल्या बुक क्लबमध्ये शहरातल्या चार हौशी पथकांतली मुलंमुली जमली. फेरेन्त्स शेबो आणि बेला हॉल्मोश वाजवत होते. दोघंही वास्तुशास्त्र शिकलेले. प्रयोग नव्हता, तालीम नव्हती. जमलेली मंडळी आपल्या आनंदासाठी नाचली. या बैठकीला त्यांनी नाव दिलं 'तांत्सहाझ', म्हणजे नाचघर. हा शब्द त्यांनी उचलला होता ट्रान्सिल्व्हेनियातल्या सेक गावाकडून. तिथे तरुण मंडळी एखाद्या घरातली खोली भाड्याने घेत, वादक ठरवत आणि नाचत. गावाच्या तीन आळ्या, प्रत्येक आळीचं नाचघर वेगळं.

पहिली बैठक पथकांच्या सभासदांपुरतीच होती. ती तशीच ठेवावी की कुणालाही येऊ द्यावं, यावर मतभेद झाले. नृत्यदिग्दर्शक शांदोर तीमार आणि नृत्यसंशोधक ग्यॉर्गी मार्तिन यांनी दार उघडं ठेवण्याची बाजू घेतली. माझ्या मते या चळवळीतला सगळ्यात मोठा निर्णय हाच. दार बंद राहिलं असतं तर कलावंतांचा आणखी एक क्लब झाला असता, इतकंच.

दार उघडणं जमलं, याचं श्रेय मार्तिनच्या अभ्यासाला द्यायला हवं. त्याने गावोगावचे नाच चित्रित केले, पायापायाची नोंद केली आणि दाखवून दिलं की गावातला चांगला नर्तक ठरीव नाच पाठ करून येत नाही. त्याच्याकडे छोट्या छोट्या हालचालींचा साठा असतो आणि सुरावट कुठे वळते आहे ते ऐकत तो त्या जागच्या जागी जोडतो. इश्त्वान मात्याश, गावच्या भाषेत 'मुंद्रुत्स', या एकट्या शेतकरी नर्तकाच्या नाचावर मार्तिनने ग्रंथ होईल एवढं काम केलं. ते 2004 मध्ये, मार्तिनच्या मृत्यूनंतर वीसेक वर्षांनी, पुस्तकरूपात आलं. तीमारने हेच सूत्र शिकवण्यात आणलं. मूल मायबोली शिकतं तसा नाच शिकायचा: आधी ऐकायचं, मग चालायचं, जोडीदाराचं वजन हाताला कळू द्यायचं, दोन-चार शब्द आले की बोलायला लागायचं. अशा शिकवण्याला मोठा दिग्दर्शक लागत नाही. कालपर्यंत शिकणारा आज शेजारच्याला शिकवू शकतो. नोकरी सांभाळून आठवड्याची एक संध्याकाळ देणाऱ्या माणसांवर ही चळवळ उभी राहिली ती यामुळे.

संगीताकडेही असाच कान गेला. बार्टोक आणि कोडाय या संगीतकारांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून गाणी गोळा केली होती, पण नाचाला वाजणारा ताफा त्या मानाने दुर्लक्षित राहिला होता. सेकच्या वादनात व्हायोलिनच्या जोडीला तीन तारांची ब्राचा, म्हणजे व्हायोला, असते. तिची घोडी सपाट, म्हणून तिन्ही तारा एकाच वेळी वाजतात. गज एका ओढीत दोनदा दाबला जातो आणि त्या दाबातून पायाला ढकलणारा ठेका निघतो. शहरी मुलांना हा ठेका कागदावरून आला नाही, म्हणून ती गावांत गेली. ट्रान्सिल्व्हेनिया 1920च्या तहाने हंगेरीकडून रुमानियात गेलेला. 1970च्या दशकात तिथे परदेशी माणसाला खासगी घरात मुक्काम ठेवायला कायद्याने बंदी होती. तरी मुलं पाठीवर टेपरेकॉर्डर घेऊन जात राहिली. त्यांना वाट दाखवणाऱ्यांत झोल्तान कॉल्लोश हा संग्राहक सर्वांत पुढे. ज्या म्हाताऱ्यांना घरची पोरं जुनाट म्हणत, त्यांच्यासमोर बुडापेस्टचे विद्यार्थी शिष्य होऊन बसले.

आज ही चळवळ यशस्वी आहे यात वाद नाही. 1982 पासून बुडापेस्टच्या क्रीडागारात वार्षिक मेळा भरतो आहे. 2001 मध्ये परंपरेसाठी सरकारी संस्था उभी राहिली. लिस्ट संगीत अकादमीत लोकसंगीताचा विभाग आहे. 2011 मध्ये युनेस्कोने तांत्सहाझची पद्धत जतनाच्या अनुकरणीय पद्धतींच्या यादीत घेतली. आजचे तरुण वादक तांत्रिकदृष्ट्या पहिल्या पिढीपेक्षा कितीतरी सरस आहेत.

माझी चिंता इथूनच सुरू होते. जुन्या चित्रफिती आता कुणालाही सहज पाहता येतात आणि त्यांचा नियम होऊ लागला आहे. एका म्हाताऱ्याने एका दुपारी कॅमेऱ्यासमोर जे केलं तेच हुबेहूब, त्याच्या थकलेल्या गुडघ्याच्या वाकण्यासकट, उतरवायचं. हे मार्तिनच्या शिकवणीच्या नेमकं उलट आहे. त्या म्हाताऱ्याने दुसऱ्या दुपारी वेगळं केलं असतं. 2012 पासूनच्या दूरचित्रवाणीवरच्या स्पर्धेने मुलांना लोकनृत्याकडे ओढलं, हे मान्य. पण परीक्षक आणि गुण आले की वेग वाढतो, फटके वाढतात, आणि सेकचा संथ जोडीनाच मागे पडतो, कारण त्याचं सौंदर्य दोन माणसांच्या मधल्या ताणात असतं आणि कॅमेऱ्याला ते सहज सापडत नाही.

दुसरं दुखणं जुनं आहे. ज्याला आपण हंगेरियन शेतकऱ्यांचं संगीत म्हणतो ते ट्रान्सिल्व्हेनियात पिढ्यान्‌पिढ्या वाजवलं रोमा वादकांनी. लग्नात सिंथेसायझर आला तशी त्यांची रोजी गेली. 1997 पासून बुडापेस्टच्या फोनो संगीतगृहाने 'शेवटचा तास' या नावाने अशा ताफ्यांना बोलावून त्यांचं वादन ध्वनिमुद्रित केलं. फार मोलाचं काम. या वादकांच्या स्मरणात किती जगं साठली होती, हे 'मुझिकाश' या ताफ्याच्या 1993च्या ध्वनिमुद्रिकेतून कळतं: मारामारोश भागातल्या ज्यू लग्नांतल्या सुरावटी, वाजवून घेणारा समाज नरसंहारात संपल्यावरही, रोमा वादकांच्या बोटांत उरल्या होत्या. एवढं ज्यांनी जपलं त्यांची नातवंडं आज कशावर पोट भरतात, हा प्रश्न चळवळीने पुरेशा जोराने विचारलेला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून क्रीडागारातल्या गर्दीपेक्षा मी एखाद्या साध्या सभागृहातल्या आठवड्याच्या बैठकीला जास्त महत्त्व देतो. आधी नवख्यांना तासभर पावलं शिकवली जातात, मग वादक बसतात. चुकणारा चुकतो, जोडीदार सावरून घेते, कुणी गुण देत नाही. रात्र चढली की एखादा मुलगा घोळक्यातून पुढे येतो, व्हायोलिनवाल्यासमोर उभा राहतो आणि आमच्याकडे पाठ करून नाचू लागतो.